बोलतं करणं

दुसरं बिस्कीट मिळणार नाही म्हटल्यावर टिटवी रडली असती, तर काही बिघडलं नसतं. हातपाय आपटून झाले असते, मी डबा वरच्या फळीवर ठेवला असता आणि संध्याकाळ इतर संध्याकाळींसारखी पुढे सरकली असती. पण ती रडली नाही. साडेतीन वर्षांची माझी लेक माझ्याकडे बघता बघता थांबली. मग तिने नजर उचलली आणि माझ्या डोक्याच्या जरा वर, भिंत आणि छत मिळतात तिथे नेऊन ठेवली. फ्रॉकवर नसलेली सुरकुती तळहाताने सावकाश सपाट केली आणि पाठ फिरवून ती खिडकीपाशी जाऊन बसली. हाक मारली तर मान वळली नाही. पाणी हवंय का? चित्रांचं पुस्तक बघू या का? 'नाही' असंसुद्धा उत्तर नाही. जेवली मुकाट्याने. झोपताना मी पांघरूण घातलं, तर ते काढून तिने पुन्हा स्वतःच्या हाताने घातलं. आणि मी काय करत होते? मी तिच्याभोवती घिरट्या घालत होते. 'काय झालं माझ्या राणीला? आईचं चुकलं का काही? अगं, वेडीच आहे तुझी आई,' असं म्हणत होते आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी हसत होते, हसण्यासारखं काही नसताना. तो आवाज माझ्या चांगला ओळखीचा होता. नेहमीच्या आवाजापेक्षा तो जरा वरच्या पट्टीत लागतो आणि आमच्या घरात एकाच माणसासाठी काढला जातो. तो माणूस तेव्हा घरी नव्हता.

नसलेली सुरकुती सपाट करायची लकब माझ्या नवऱ्याची. तो बाहीवरची करतो, कधी टेबलावरच्या कापडाची. लिफ्ट तपासायची नोकरी आहे त्याची. इमारतींमधून फिरायचं, दोर, ब्रेक, दारं, धोक्याची घंटा बघायची आणि ही लिफ्ट माणसं वाहून न्यायला लायक आहे की नाही ते ठरवायचं. कामात चोख आहे. दारूला शिवत नाही, हात उगारत नाही, आवाज चढवत नाही. 'नशीब काढलंस बाई,' असं माझी बहीण म्हणते. तिच्याकडे ताटं उडतात. मी 'हो ना' म्हणते. तिला काय सांगणार? आमच्याकडे ताट जागच्या जागी असतं, नीट वाढलेलं, आणि त्याच्यापुढे बसलेला माणूस माझ्या डोक्यावरच्या भिंतीकडे बघत जेवत असतो. कशामुळे ते मला ठाऊक नसतं. ते शोधून काढणं हाच शिक्षेचा भाग. उडालेल्या ताटाचा निदान आवाज होतो. शेजारचे दार उघडून बघतात, ताटाला पोचा येतो, तो कुणाला दाखवता येतो. गप्प बसलेल्या माणसाचं काय दाखवणार? तक्रार करायला गेलं की लोक म्हणतात, अगं, शांत स्वभावाचा आहे.

पहिल्यांदा झालं तेव्हा आमचं लग्न नवं होतं. चार माणसांत तो एक गंमत सांगत होता, कुठल्याशा इमारतीत एक नवरदेव लिफ्टमध्ये अडकला होता त्याची. मी ती इतक्यांदा ऐकली होती की शेवटचं वाक्य माझ्याच तोंडून निघून गेलं. सगळे हसले. तोही हसला. हसता हसता त्याने बाहीवरून हात फिरवला, आणि मग कित्येक दिवस त्याच्या तोंडून माझ्यासाठी शब्द निघाला नाही. घरी कुणी आलं की बोलायचा, छान बोलायचा, मलासुद्धा त्यात ओढायचा. पाहुण्यांच्या मागे दार लागलं की तोंडात मिठाची गुळणी. मला आधी वाटलं घसा बसलाय. खरंच, मी त्याला गरम पाणी करून दिलं. घसा हा माझ्या नोकरीतला विषय. मग वाटलं कामावर काही झालं असेल. मग स्वयंपाकघरात उभी राहून मी लग्नानंतरचं माझं प्रत्येक वाक्य तपासायला लागले, तो दोर तपासतो तसं, आणि मला प्रत्येक वाक्यात तुटका धागा सापडायला लागला. शेवटी मी त्याच्या खुर्चीपाशी जाऊन, मान एका बाजूला टाकून, 'चुकलं माझं, मी आहेच वेडी,' म्हणाले आणि हसले. कशाबद्दल चुकलं ते मला माहीत नव्हतं. त्याला ते चाललं. 'चहा टाकतेस का?' तो म्हणाला, आणि मला इतका आनंद झाला की चहात मी दोनदा साखर घातली. त्या आनंदाची मला आजही शरम वाटते. मार खाणाऱ्या बाईला मार थांबल्यावर असाच आनंद होत असेल.

सासूबाईंना मी सांगून बघितलं. त्या मोठ्या जावेसारख्या माझ्याजवळ सरकल्या आणि खालच्या आवाजात म्हणाल्या, 'अगं, यांचंही तस्संच होतं. यांच्याशी बोलायचं झालं की मी भिंतीशी बोलायचे. अगं भिंती, पाणी तापलंय म्हणावं. अगं भिंती, औषध घ्या म्हणावं. पुरुषाला बोलतं करावं लागतं. मला जमलं, तुला का नाही जमणार? तुझं तर शिक्षणच त्यातलं.' आणि त्या हसल्या. शेवटचं वाक्य त्यांनी चेष्टेने म्हटलं नव्हतं.

माझं शिक्षण त्यातलं आहे हे खरं. न बोलणाऱ्या माणसांना बोलतं करायचे मला पैसे मिळतात. उशिरा बोलायला लागलेली मुलं, अडखळणारी मुलं, एखादे आजोबा ज्यांना मेंदूत रक्ताची गाठ झाल्यापासून शब्द सापडत नाहीत. माझ्या खोलीत भिंतीला लांबरुंद आरसा आहे, तोही जमिनीपासून निघणारा, कारण माझी गिऱ्हाइकं बुटकी. मूल आणि मी आरशापुढे शेजारी शेजारी बसतो. मी ओठ मिटते, गाल फुगवते, 'प' सोडते. मूल आधी माझ्या आरशातल्या तोंडाकडे बघतं, मग स्वतःच्या. त्याच्या ओठांना बोलावणं येतं. ओठ हलतात, काही निघत नाही, पुन्हा हलतात. मी समजावून काही सांगत नाही. 'ओठ घट्ट मिट आणि हवा सोड,' असं सांगून कुठलंही मूल 'प' म्हणत नाही. त्याला करणारं तोंड दिसावं लागतं. आमच्या प्रशिक्षणाला एक डॉक्टरीणबाई आल्या होत्या, त्यांनी पडद्यावर माकड दाखवलं. माकडाने दाणा उचलला की त्याच्या मेंदूतल्या काही पेशी पेटतात; गंमत अशी, की समोरच्या माणसाला दाणा उचलताना नुसतं बघितलं तरी त्याच पेशी पेटतात. आरसा-पेशी म्हणतात त्यांना. माणसाच्या बाबतीत अजून शास्त्रज्ञांचे वाद चालू आहेत, त्या म्हणाल्या, आणि मग वाद बाजूला ठेवून म्हणाल्या, 'मूल तुमचं ऐकत नाही, तुम्हाला बघतं.' असली वाक्यं टाळ्यांसाठीच असतात. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. मला एक विचारायचं होतं: मुलासमोर दोन माणसं असली, एक रुसलेलं आणि एक मनधरणी करणारं, तर मूल कुणाचं उचलतं? पण तेवढ्यात चहाची सुट्टी झाली, आणि असला प्रश्न विचारला की लोक तुमच्याकडे बघायला लागतात.

त्या बिस्किटाच्या रात्री मला वाटलं, उत्तर मिळालं. मूल जिंकणाऱ्याचं उचलतं. का उचलू नये? टिटवीने जन्मल्यापासून पाहिलं होतं की घरात एक माणूस बोलतो आणि एक बोलत नाही, आणि जो बोलत नाही त्याच्याकडे चहा चालत जातो. अक्कल असलेलं कुठलंही मूल बोलणाऱ्याची नक्कल कशाला करेल? आणि अक्कल तिला आहे. तिला टिटवी नाव पडलं तेच मुळी लवकर बोलायला लागली, आणि अखंड बोलायला लागली म्हणून. माझ्याबरोबरीच्या बायका म्हणायच्या, 'तुझीच मुलगी ती, बोलणारच.' मला केवढी ऐट. आता बघते तर तिची पहिली धड वाक्यं निरोपाची होती. नवऱ्याचा अबोला चालू असला की मला भिंतीशी बोलायची गरज नव्हती, मला मूल होतं. 'टिटवी, बाबाला सांग जेवायला वाढलंय.' ती दुडुदुडु जायची, 'बाबा, जेवायला वाढलंय.' तो तिला म्हणायचा, 'आईला सांग, आलो.' 'आई, आलो.' लेकी बोले सुने लागे असं पूर्वी चालायचं. आम्ही लेकीला मधे उभं करून एकमेकांना लावत होतो. दोन वर्षं पुरी व्हायच्या आत तिला 'उशीर होईल', 'किल्ली कुठे आहे', 'थांबू नको म्हणावं' हे सगळं येत होतं. तिने आमची नक्कल करावी म्हणून आम्ही तिला खोल्याखोल्यांतून धावडवत होतो. मी मात्र तिच्या क्रियापदांवर खूश होते.

बिस्किटानंतर ते वाढत गेलं. शाळेतल्या बाईंनी बोलावून सांगितलं, 'फार शहाणी आहे हो, भांडत नाही कुणाशी. फक्त एकदा बिनसलं की त्या मुलाकडे बघतच नाही. ती पोरं हिच्या मागे मागे फिरतात, आपापली खेळणी आणून देतात.' बाईंना गंमत वाटत होती. नवऱ्याला सांगितलं (त्या दिवसांत तो बोलत होता), तर त्याच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. 'स्वाभिमानी आहे,' तो म्हणाला. सासूबाई फोनवर हसल्या, 'खाण तशी माती. आजोबांवर गेलीय पोर.' सगळ्या घराला घराण्याचं नाक किंवा जावळ पोरीत उतरल्याचा आनंद व्हावा तसा आनंद झाला होता. मला मात्र खिडकीपाशी बसलेली ती पाठ दिसत होती. तिच्या बालवाडीतली ती खेळणी आणून देणारी मुलं दिसत होती. पुढे कधीतरी कुणीतरी तिच्या खुर्चीपाशी मान वाकडी करून उभं राहील, हे दिसत होतं, आणि मी ठरवलं की माझ्या पोरीला मी असं होऊ देणार नाही. मला दुसरं काही येत नसेल, हे येतं.

आमच्या धंद्यात घरचं माणूस उपचाराला घेत नाहीत. सोनारानेच कान टोचावेत, आणि सोनाराने आपल्या पोरीचे दुसऱ्या सोनाराकडून टोचून घ्यावेत. पण कुठल्या तोंडाने दुसरीकडे नेणार? 'हिला वाचा आहे, पण ही वापरत नाही' असं सांगितलं असतं तर समोरची बाई पहिला प्रश्न विचारणार, घरी असं कोण करतं? म्हणून मी घरीच सुरू केलं. आमच्या कपाटाच्या दाराला आरसा आहे, त्याच्यापुढे आम्ही दोघी मांडी घालून बसायचो. मी कपाळाला आठ्या घालून म्हणायचे, 'मला राग आलाय.' ती आरशात माझ्याकडे बघायची, मग स्वतःच्या कपाळाकडे. 'मला राग आलाय,' ती म्हणायची आणि खुदकन हसायची. 'कारण?' मी विचारायचे. 'कारण तू बिस्कीट नाही दिलंस.' 'आणखी?' 'कारण बाहुलीचा पाय निघाला.' राग आला की तो सांगायचा, आणि कारण सांगायचं. मग कोणी ना कोणी ऐकतं. हा नियम मी तिला शिकवला. ती गप्प झाली की मी मागे जायचं बंद केलं. खिडकीपाशी बसली, तर मी माझी भाजी चिरत राहायचे. मनधरणीची वाक्यं जिभेच्या शेंड्यावर येऊन उभी राहायची, तरी गिळायचे. तिने एक शब्द उच्चारला की मात्र हातातलं टाकून तिच्यासमोर बसायचे. असं किती दिवस चाललं कोण जाणे. पालथ्या घड्यावर पाणी असंच वाटत होतं. नवरा दारात उभा राहून बघायचा. 'दुकान घरी आणलंस?' असं एकदा म्हणाला आणि निघून गेला.

एकदा आरशापुढे बसलेलो असताना टिटवीने विचारलं, 'आई, तुला येतो राग?'

'मला? नाही बाई.'

'कध्धीच?'

'मोठ्यांना नाही येत.'

'बाबाला येतो,' ती म्हणाली. मी तिच्या केसांतली पिन काढून पुन्हा लावली. ते वाक्य मी तिला शेकडो वेळा म्हणून दाखवलं होतं, आठ्यांसकट. इतकं स्वच्छ म्हणत होते की कुणालाही वाटावं, ही बाई रोज रागावत असेल. ज्याला म्हणायचं तो पलीकडच्या खोलीत वर्तमानपत्र वाचत बसलेला असायचा, मधे एक पातळ भिंत, आणि माझी जीभ तिथवर कधी गेली नाही. मी मनाशी म्हणायचे, माझं राहू दे, माझं वय गेलं; पोरीचं तेवढं सुटू दे. यात फार मोठेपणा होता असं मला वाटायचं. आता वाटतं, मला माझ्याऐवजी बोलायला कुणीतरी हवं होतं, एवढंच. पुन्हा निरोपच.

आणि तिचं सुटलं. एका सकाळी बूट घालण्यावरून ती तांबडीलाल झाली, पाय घट्ट रोवून उभी राहिली आणि सगळ्या मजल्याला ऐकू जाईल अशी ओरडली, 'मला राग आलाय! कारण मला निळे हवेत!' मी तिला उचलून घेतलं, तिचे मुके घेतले, निळे बूट काढून दिले. शाळेतल्या बाई म्हणाल्या, 'हल्ली भांडते हो.' मी पेढे वाटायचीच बाकी होते. खिडकीपाशी जाणं थांबलं, सुरकुत्या थांबल्या. मी कामावर आमच्या बायकांना ते सांगितलंसुद्धा, एका मुलीची हकीकत म्हणून; कुणाची ते सांगितलं नाही.

मग त्याचे साहेब आणि साहेबांच्या बाई चहाला आले. त्या आठवड्यात आमच्याकडे अबोला होता, पण पाहुण्यांपुढे अर्थातच नव्हता. 'अगं, तो किस्सा सांग ना तू यांना,' असं तो मला गोड आवाजात म्हणत होता आणि मी सांगत होते. साहेबांच्या बाईंनी टिटवीला जवळ ओढलं आणि लहान मुलांना विचारतात तसं काहीतरी विचारलं, 'काय मग, कोण लाडकं? आई की बाबा?' टिटवीने विचार केला. माझ्याकडे बघितलं. कपाळाला आठ्या घातल्या, अगदी शिकवल्या तशा, आणि स्वच्छ आवाजात, एकही अक्षर न खाता म्हणाली, 'मला राग आलाय. कारण बाबा आईशी बोलत नाही आणि मग सगळं मलाच सांगायला लागतं.'

साहेबांनी कप बशीत ठेवला. मग ते मोठ्याने हसले, त्यांच्या बाई हसल्या, 'घ्या, घरचा आहेर!' आणि माझा नवराही हसला. मी हसले नाही. मला खरं सांगायचं तर नाचावंसं वाटलं. माझ्या पोटात जे इतकी वर्षं आंबत पडलं होतं ते चार वर्षांच्या तोंडातून भर चहात बाहेर आलं होतं, कारणासकट, आणि उच्चार किती शुद्ध. मी तिच्याकडे बघत राहिले. त्याच्याकडे बघायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो स्वयंपाकघरात आला आणि म्हणाला, 'आज चहा मस्त झालाय.' मी चमकले. अबोला सुटला होता, मी काही न करता. 'आलं जास्त पडलंय जरा,' मी म्हणाले. 'छान लागतंय,' तो म्हणाला. टिटवी धावत आली, 'बाबा, हे बघ माझा बूट!' त्याने कप खाली ठेवला, नजर उचलली आणि तिच्या डोक्यावरून पलीकडे नेली. 'तिला सांग,' तो मला म्हणाला, 'दूध पिऊन घे म्हणावं.'

आणि मी सांगितलं. 'टिटवी, दूध पिऊन घे,' मी म्हणाले. वाक्य तोंडातून गेल्यावर मला कळलं की मी काय केलं. तेव्हाच मी त्याला म्हणायला हवं होतं, ती समोर उभी आहे, तूच सांग. ती चार वर्षांची आहे. तुला लाज नाही वाटत? सगळी वाक्यं तयार होती, आठ्या तयार होत्या. पण तो माझ्याशी बोलत होता. दिवसभर बोलला, संध्याकाळी बोलला, कामावरच्या गमती सांगितल्या, माझ्या कामाचं विचारलं, जे त्याने वर्षानुवर्षं विचारलं नव्हतं. मी उत्तरं देत होते. मला ते आवडत होतं. उन्हात बसायला मिळाल्यासारखं वाटत होतं, आणि ते ऊन पोरीच्या अंगावरून काढून माझ्यावर टाकलंय हे दिसत असूनही मी उठून सरकले नाही. रागावलेल्या बापाचा राग ओसरेल, लेकराशी किती दिवस धरेल, असं मी स्वतःला सांगत होते. किती दिवस धरतो ते माझ्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

टिटवीने नियम पाळला. ती त्याच्या खुर्चीसमोर जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, 'मला राग आलाय. कारण तू बोलत नाहीस.' त्याने वर्तमानपत्राचं पान उलटलं. तिने ते पुन्हा म्हटलं, जरा मोठ्याने, मग आणखी मोठ्याने. माझ्याकडे वळून बघितलं. तिला वाटलं असावं, तिचंच काही चुकतंय, एखादं अक्षर राहतंय. कपाटाच्या आरशापुढे जाऊन तिने आठ्या घालून बघितल्या, नीट पडतायत ना. परत आली आणि पुन्हा म्हणाली. कोणी ना कोणी ऐकतं, असं मी तिला सांगितलं होतं. पूर्वीची टिटवी असती तर तिनेही छताकडे बघितलं असतं, पाठ फिरवली असती, आणि मग बापलेक बसले असते दोन खोल्यांत दोन मुखस्तंभ. आणि तो हरला असता. माझी खात्री आहे, तो हरला असता. त्याला त्याच्याच मापाचं कुणी आजवर भेटलं नव्हतं, आणि भेटलं होतं ते मी महिनोन्महिने खपून, आरशापुढे बसून, बरं करून टाकलं होतं. पोरीच्या हातात असलेली एकुलती एक काठी मी काढून घेतली होती आणि तिला एक वाक्य दिलं होतं, जे मला स्वतःला कधी वापरता आलं नाही.

रविवारी मी भांडी पुसत होते. बाहेरच्या खोलीतून आवाज आला आणि माझ्या हातातलं फडकं थांबलं, कारण मला वाटलं मीच बोलतेय. 'बाबाऽ,' जरा वरच्या पट्टीत. 'पाणी देऊ का बाबा? चष्मा पुसून देऊ?' मी दारापाशी गेले. टिटवी त्याच्या खुर्चीजवळ उभी होती, मान एका बाजूला टाकून, एक पाय दुसऱ्या पायावर ठेवून. ती त्याच्या बाहीवर हात ठेवत होती आणि काढून घेत होती. 'चुकलं माझं,' ती म्हणाली. 'मी ना, वेडीच आहे.' आणि हसली. ते हसू मी कधी आरशात पाहिलेलं नव्हतं. आपल्यालाच ते कसं दिसणार, ते तर मी नेहमी दुसऱ्या कुणासमोर हसत आले. ओठ आधी उघडतात, आवाज मागून येतो, आणि डोळे त्यात येतच नाहीत. ते समोरच्या चेहऱ्यावर काम करत असतात. हे मी तिला शिकवलं नव्हतं. यासाठी एकही दिवस कपाटापुढे बसलो नव्हतो. तरी ती एकदाही अडखळली नाही.

त्याने वर्तमानपत्र घडी घालून ठेवलं आणि तिला उचलून मांडीवर घेतलं. 'आता कशी शहाण्यासारखी बोललीस,' तो म्हणाला. मग तिच्या डोक्यावरून माझ्याकडे बघून, अगदी मोकळेपणाने, 'बघ, न शिकवता येतं तिला.' तो काही टोमणा मारत नव्हता. त्याला खरंच आनंद झाला होता. मी स्वयंपाकघरात परत आले आणि पुसलेली भांडी पुन्हा पुसायला लागले. ती बापासारखी होईल म्हणून मी घाबरले होते. देवा, झाली असती तर बरं झालं असतं. दुसऱ्याला छळणारी झाली असती, पण तिची पाठ ताठ राहिली असती. एवढी कडू गोष्ट आईने मनात आणू नये, पण आली, आणि मी ती मागे सारली नाही.

थोड्या वेळाने टिटवी आत आली. स्टूल ओढून माझ्याशेजारी चढून उभी राहिली आणि दाराकडे बघून खात्री करून घेतली की बाहेर ऐकू जाणार नाही. 'बोलला बाबा,' ती हळूच म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर दमलेल्या, काम उरकलेल्या बाईचं समाधान होतं. तिने माझ्या हातातलं फडकं घेतलं, एक वाटी पुसली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, 'तुझ्याशी परत नाही बोलला ना, तर मला सांग. मी करीन.'

'बरं,' मी म्हणाले.